दर फेरीला नवी पाटी: गो भाषेतल्या एका बदलाचं प्रकरण

२९ फेब्रुवारी २०२० रोजी लेट्स एन्क्रिप्टला आपल्याच प्रणालीत एक चूक सापडली. वेबसाइटांना त्यांची ओळख पटवणारं सर्टिफिकेट मोफत देणारी ही संस्था. सर्टिफिकेट देण्याआधी तिला डोमेनची डीएनएसमधली (इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीतली) सीएए नोंद पाहावी लागते. आपल्या डोमेनला सर्टिफिकेट कोणी द्यायचं, हे मालक त्या नोंदीत लिहून ठेवतो. तपासणीला बरेच तास उलटून गेले असतील तर ती पुन्हा करायची. समजा एका अर्जात दहा डोमेन आहेत आणि दहाही पुन्हा तपासायची आहेत. प्रणालीने ती दहाही एकेकदा तपासायला हवीत. प्रत्यक्षात ती त्यातलं एकच डोमेन दहा वेळा तपासत होती.

ही चूक २५ जुलै २०१९ पासून कोडमध्ये होती. त्या वेळी चालू असलेल्या सुमारे ११.६ कोटी सर्टिफिकेटांपैकी ३०,४८,२८९ तिच्या कचाट्यात सापडली. त्यातली १७ लाखांवर ठरलेल्या मुदतीत रद्द झाली. बाकीची एका फटक्यात रद्द केली असती तर चालत्या साइट बंद पडल्या असत्या, म्हणून संस्थेने तिथे हात आवरला.

या प्रणालीचं नाव बोल्डर, आणि ती गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहे. चुकीचा तुकडा इतका लहान आहे की तोंडी सांगता येतो. एक लूप (तेच काम फेरीफेरीने करणारा कोड) एका मॅपवरून, म्हणजे जोड्यांच्या यादीवरून, फिरतो. दर फेरीला एक की (जोडीतलं नाव) आणि एक व्हॅल्यू (त्याची किंमत) हाती येते. लिहिणाऱ्याला धोका ठाऊक होता. कीची त्याने वेगळी प्रत करून घेतली होती, आणि दर फेरीला ही बदलते म्हणून प्रत करतो आहे अशी कॉमेंटही वर लिहिली होती. व्हॅल्यूचा पॉइंटर, म्हणजे ती मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता, मात्र त्याने तसाच पुढच्या फंक्शनच्या हाती दिला. त्या फंक्शनने व्हॅल्यूच्या आतल्या फील्डचे पॉइंटर साठवून ठेवले. लूप संपला तेव्हा ते सगळे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत होते, आणि तिथे उरली होती फक्त शेवटच्या फेरीची व्हॅल्यू. एका खड्ड्याला वळसा घालून माणूस शेजारच्या खड्ड्यात पडला.

हे प्रकरण त्या खड्ड्याचं आहे. तो बुजवायचा म्हणजे भाषेचा नियम बदलायचा, आणि या भाषेने तर नियम बदलणार नाही असं जाहीर वचन दिलेलं.

पाटी

गोच्या जुन्या नियमानुसार लूपचं व्हेरिएबल (किंमत ठेवण्याची नाव दिलेली जागा) संपूर्ण लूपसाठी एकच असे. एकच पाटी, दर फेरीला पुसायची आणि नवी किंमत लिहायची. पाटीवरचं वाचून लगेच वापरलं तर काही बिघडत नाही. बहुतेक लूप तसंच करतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं निभावून गेला. घोटाळा होतो तो कोणी किंमत उतरवून घेण्याऐवजी ‘पाटीवर बघ’ एवढीच चिठ्ठी मागे ठेवली तर. ही चिठ्ठी दोन प्रकारची असते. एक उघड, म्हणजे व्हेरिएबलचा पॉइंटर. दुसरी छुपी, म्हणजे ते व्हेरिएबल पकडून ठेवणारं फंक्शन, क्लोजर. चिठ्ठी वाचणारा जेव्हा पाटीकडे जातो तेव्हा लूप कधीच संपलेला असतो.

गोमध्ये हे जास्त बोचतं, कारण या भाषेचा सगळा डौल गोरूटीनमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या कामांमध्ये, आहे. दर फेरीला एक गोरूटीन सोडून द्या आणि पुढे चला, ही तिची रोजची चाल. सोडलेली गोरूटीन जागी होते तोवर पाटी दहादा पुसलेली असते.

उपाय सगळ्यांना पाठ होता. लूपच्या आत पहिल्याच ओळीत त्याच नावाचं नवं व्हेरिएबल करायचं आणि जुन्याची किंमत त्यात घालायची: घर := घर. नवख्या माणसाला ही ओळ वेड्यासारखी दिसते. (जाता जाता: ‘घर’ हे नाव गोमध्ये चालतं, ‘गाव’ चालत नाही. नावात फक्त अक्षरं आणि अंक हवेत असा नियम आहे, आणि युनिकोडच्या लेखी काना-मात्रा ही अक्षरं नव्हेत. म्हणजे आपल्या लिपीत नावं ठेवायची तर बिनमात्रेची शोधावी लागतात. हे प्रकरण वेगळं, त्यावर कधीतरी.)

मी स्वतः ही ओळ इतक्यांदा लिहिली आहे की पुढेपुढे गरज आहे की नाही हे बघणंच सोडलं. ओळ दिसली की वाचणाऱ्याला कळत नाही, ती लिहिणाऱ्याने विचार करून टाकली आहे की सवयीने. नाही दिसली तरी तेच कोडं.

वचन

गोची पहिली स्थिर आवृत्ती, गो १, २८ मार्च २०१२ रोजी आली. तिच्यासोबत एक दस्तऐवज आला, त्याचा मथितार्थ असा: गो १ च्या व्याख्येप्रमाणे लिहिलेला प्रोग्रॅम त्या व्याख्येच्या हयातीत, एकही अक्षर न बदलता, कंपाइल होत राहील (यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरत राहील) आणि नीट चालत राहील. सुरक्षेसाठी किंवा कंपायलरमधल्या चुका दुरुस्त करण्यासाठी काही पळवाटा ठेवल्या होत्या, पण लूपचा नियम त्यात बसत नव्हता. ती कंपायलरची चूक नव्हती, व्याख्येतच तसं लिहिलेलं होतं.

या वचनाची किंमत कळायला पायथनकडे पाहावं. पायथन ३ आलं २००८ मध्ये, आणि पायथन २ चा आधार अधिकृतपणे संपला १ जानेवारी २०२० रोजी. मधली अकरा वर्षं जगात दोन पायथन होते. नव्या पायथनचे नियम वाईट नव्हते, मजकूर आणि बाइट वेगळे ठेवण्याचा आग्रह तर रास्तच होता. पण एकाच प्रोग्रॅममध्ये अर्धी लायब्ररी जुनी आणि अर्धी नवी ठेवता येत नव्हती. तुम्ही ज्या लायब्ररीवर अवलंबून आहात ती हलत नाही तोवर तुम्ही हलू शकत नाही, आणि ती थांबलेली असते आणखी कोणासाठी तरी. गोवाल्यांनी हे जवळून पाहिलं होतं.

कडक नियम का नको झाला

पहिला विचार कोणालाही सुचेल तो असा: अर्थ बदलू नका, लूपच्या व्हेरिएबलचा पॉइंटर घ्यायला किंवा ते क्लोजरमध्ये पकडायलाच कंपायलरने मनाई करावी. जुना कोड कंपाइल होणार नाही, पण निदान ओरडून तरी सांगेल. भाषा बनवणाऱ्यांत हा धडा मुरलेला असतो: मोडायचंच तर आवाज करून मोडा, गुपचूप अर्थ बदलू नका.

इथे हा धडा लागू पडत नाही. लूपचं व्हेरिएबल पकडणारी बहुतेक क्लोजर निरुपद्रवी असतात. सॉर्ट करताना तुलनेसाठी दिलेलं फंक्शन त्याच फेरीत वापरून संपतं. डीकोडरला दिलेला पॉइंटर तो लगेच भरून परत करतो. चिठ्ठी लूपच्या बाहेर जाते की आतच संपते हे ठरवायचं, तर बोलावलेलं फंक्शन आत काय करतं आणि ते पुढे कोणाला बोलावतं हे सगळं कळायला हवं. सर्वसाधारणपणे हे कोणत्याही कंपायलरला नक्की सांगता येत नाही. मग सरसकट मनाई करायची म्हणजे हजारो बरोबर प्रोग्रॅम अडवायचे. वचन तर मोडतंच, आणि तेही ज्यांनी काही चूक केली नाही त्यांच्यासाठी.

मनाईऐवजी इशारा देऊन पाहिला होता. गोसोबत येणाऱ्या ‘व्हेट’ या तपासनिसाने बराच काळ हे काम केलं. खोटी ओरड होऊ नये म्हणून त्याने स्वतःला फार आवरून धरलं होतं: गोरूटीन किंवा डिफर (काम फंक्शनच्या शेवटापर्यंत पुढे ढकलणारी आज्ञा) लूपच्या शरीरात शेवटची ओळ म्हणून आलं असेल तरच बोलायचं. शेवटची का, तर तिच्यानंतर आणखी काही ओळी असतील तर त्यांत वाट पाहणारा कोड असू शकतो, आणि मग चूक नसतेच. म्हणजे व्हेट बोलला तर बहुधा खरं, पण गप्प बसला याचा अर्थ काहीच नाही. बोल्डरचा तुकडा त्याच्या जाळ्यातून सहज निसटला असता. तिथे गोरूटीन नव्हती, क्लोजर नव्हतं, एक साधा पॉइंटर होता.

काही बाहेरचे तपासनीस उलट टोकाला गेले. पॉइंटर दिसला की बोंब. त्यांना गप्प करायला लोक सगळीकडे ती ‘घर := घर’ ओळ पेरू लागले. नियम कडक झाला की कोड शहाणा होतो ही समजूत इथे पार उताणी पडते. तक्रार बंद करण्यासाठी टाकलेली ओळ आणि समजून टाकलेली ओळ दिसायला सारखीच, आणि पुढच्या वाचणाऱ्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

राहिला तिसरा रस्ता: अर्थच बदलायचा. दर फेरीला नवी पाटी. कोड तोच, कंपाइल तसाच होणार, कुठेही आवाज नाही, पण काही ठिकाणी वागणं वेगळं. कागदावर हा सगळ्यात धोक्याचा पर्याय दिसतो.

मोजून पाहिलं

हा रस्ता आधी सी शार्प या भाषेने चालून पाहिला होता. २०१२ मधल्या सी शार्प ५ ने फॉरईच लूपचं व्हेरिएबल दर फेरीला नवं केलं. मोठा गोंधळ झाला नाही. पण दुसऱ्या भाषेत निभावलं म्हणून आपल्याकडेही निभावेल, एवढ्यावर दहा-अकरा वर्षांचं वचन पणाला लावता येत नाही. त्या वेळी गोचं तांत्रिक नेतृत्व रस कॉक्स यांच्याकडे होतं. त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये हा विषय खुल्या चर्चेला टाकला, आणि मे २०२३ मध्ये डेव्हिड चेस यांच्यासोबत औपचारिक प्रस्ताव मांडला. मधल्या काळातला मुख्य उद्योग मोजण्याचा होता.

गूगलमधल्या गो कोडवर नवा अर्थ लावून टेस्ट्स चालवल्या गेल्या. सुमारे १,००,००० टेस्ट्स, त्यांच्या पोटात सुमारे १३ लाख फॉर लूप. नव्याने नापास झाल्या ५८.

या ५८ चं शवविच्छेदन मला सगळ्या प्रकरणातला सर्वात वाचनीय भाग वाटतो. त्यातल्या ३६ टेस्ट्स एकाच जातीच्या होत्या. गोमध्ये टेस्ट लिहिण्याची रूढ पद्धत म्हणजे एक तक्ता करायचा, दर ओळीत एक इनपुट आणि अपेक्षित उत्तर, आणि लूप फिरवून दर ओळीची उपटेस्ट सोडायची. उपटेस्ट्स समांतर चालाव्यात असं सांगितलं की त्या लगेच थांबतात आणि बाहेरचं फंक्शन संपण्याची वाट पाहतात. बाहेरचं फंक्शन म्हणजे तो लूप. लूप संपतो, मग सगळ्या उपटेस्ट्स एकदम उठतात, पाटीकडे पाहतात, आणि प्रत्येकीला तक्त्याची शेवटची ओळ दिसते. तक्त्यात वीस ओळी असोत की दोनशे, तपासली जायची एकच, तीही वीस किंवा दोनशे वेळा. बाकीच्या ओळी शोभेच्या. निकाल मात्र हिरवागार.

नव्या नियमाखाली या टेस्ट्स पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने चालल्या, आणि ज्या कोडची त्या राखण करत होत्या त्यातल्या खऱ्या चुका त्यांना सापडल्या. म्हणून त्या नापास. याला ‘मोडलं’ म्हणायचं का?

त्याखालोखाल नमुना होता स्लाइसमध्ये, म्हणजे यादीत, दर फेरीला पॉइंटर जोडत जाण्याचा. शेवटी हाती येत होते एकाच जागेचे अनेक पॉइंटर. उरलेल्यांपैकी बहुतेकांत दोन चुका एकमेकींना खोडून टेस्ट पास करत होत्या.

आणि ज्यांचा कोड खरोखर बरोबर होता, जुन्या नियमावर जाणूनबुजून उभा होता, आणि नव्याने मोडला? दोन. एका ठिकाणी हँडलर (नंतर वेळ येईल तेव्हा बोलावलं जाणारं फंक्शन) एकदाच नोंदवला जात होता आणि पुढच्या प्रत्येक फेरीत त्याला चालू फेरीच्या किंमती दिसायला हव्या होत्या, म्हणजे एकच पाटी हीच त्याची गरज होती. दुसरा होता अगदी खालच्या पातळीवरचा कोड, जिथे नवी मेमरी मागायला बंदी असते. दर फेरीला नवं व्हेरिएबल म्हणजे ते हीपवर, म्हणजे नव्याने मागून घेतलेल्या मेमरीत, जाण्याची शक्यता, आणि तिथे तेच नको होतं.

एक लाखात दोन. आणि दुसऱ्या पारड्यात ५०च्या वर झाकलेल्या चुका. माझ्या मते निर्णय इथेच झाला, बाकी होती ती अंमलबजावणीची खटपट. मे २०२३ च्या सुरुवातीला गूगलने आपल्या सगळ्या गो बिल्डसाठी नवा अर्थ लागू केला, आणि पुढच्या चार महिन्यांत प्रत्यक्ष वापरातल्या कोडबद्दल एकही तक्रार आली नाही. बाहेर, सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या कोडवर प्रयोग झाला तेव्हा नव्या नियमामुळे दोन टेस्ट्स नापास झाल्या. तुलनेसाठी, त्याच कोडला गो १.२० वरून १.२१ वर नेताना, लूपचा काही संबंध नसताना, तीन टेस्ट्स नापास झाल्या होत्या.

या आकड्यांवर एक आक्षेप उरतोच: टेस्ट नसलेला कोड या मोजणीत येत नाही. त्याला उत्तर म्हणून एक हत्यार दिलं गेलं, ‘बायसेक्ट’ नावाचं. नव्या नियमाने काही बिघडलं तर हे अवजार काही लूप नव्या अर्थाने आणि काही जुन्या अर्थाने कंपाइल करतं, प्रोग्रॅम चालवतं, संशयितांची संख्या निम्मी करतं, पुन्हा चालवतं, आणि शेवटी बोट ठेवून सांगतं की अमुक फाइलच्या अमुक ओळीतला लूप. निम्मे-निम्मे करत गेलं तर १३ लाख लूपमधून एक शोधायला ढोबळमानाने एकवीस फेऱ्या लागतात. भाषा बदलणाऱ्यांनी वापरणाऱ्यांच्या हाती असा टॉर्च द्यावा हे मला आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. ‘कुठेतरी काहीतरी बदललंय, शोधा’ असं सांगून हात झटकणं फार सोपं असतं.

कोडवरची तारीख

आता वचनाचं काय? उत्तर एका क्षुल्लक वाटणाऱ्या ओळीत होतं.

प्रत्येक गो मॉड्यूलच्या (एकत्र दिल्या जाणाऱ्या कोडच्या गठ्ठ्याच्या) मुळाशी गो.मॉड नावाची फाइल असते, आणि तिच्यात एक ओळ असते: गो, आणि पुढे आवृत्तीचा आकडा. ही ओळ २०१९ पासून, म्हणजे गो १.१२ पासून आहे. हा कोड कोणत्या काळच्या भाषेत लिहिला आहे, ते ती सांगते. एक प्रकारे दस्तावरची तारीखच. तोडगा असा: ज्या मॉड्यूलच्या ओळीत १.२२ किंवा पुढचा आकडा आहे त्यालाच नवा नियम. ओळ १.२१ किंवा आधीची असेल, किंवा ओळच नसेल, तर कंपायलर कितीही नवा असो, लूप जुन्याच अर्थाने चालणार. एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही प्रकारची मॉड्यूल्स सुखाने नांदू शकतात, कारण लूपचा अर्थ लूपच्या आतच संपतो, मॉड्यूलच्या वेशीपलीकडे जात नाही. पायथनला जे जमलं नाही ते इथे जमलं त्याचं मोठं कारण हेच. रस्ट भाषेच्या ‘एडिशन’ याच तत्त्वावर चालतात, आणि जावास्क्रिप्टमधला २००९ चा ‘यूज स्ट्रिक्ट’, म्हणजे कोडच्या डोक्यावर लिहून कडक नियम मागण्याची सोय, हाही याच घराण्यातला.

पण ही तारीख खरी धरायची तर आधी एक भोक बुजवायला हवं होतं. गो १.२० पर्यंतचं गो साधन स्वतःपेक्षा नव्या आकड्याची ओळ दिसली तरी अडत नसे. कंपाइल करून बघायचं. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर त्रुटीसोबत एक टीप द्यायची की या मॉड्यूलला नवी आवृत्ती हवी. व्याकरणात भर पडते तेव्हा एवढं पुरेसं असतं. जेनेरिक्स (एकच फंक्शन अनेक प्रकारच्या डेटासाठी लिहिण्याची सोय) आले तेव्हा जुना कंपायलर चौकटी कंसांपाशीच ठेचकाळायचा, चूक लपत नसे. इथे मात्र व्याकरण तेच. दर फेरीला नवी पाटी मिळेल या भरवशावर लिहिलेला कोड जुन्या कंपायलरने आनंदाने कंपाइल केला असता, आणि एकच पाटी दिली असती. बोल्डर पुन्हा.

म्हणून नियम बदलण्याआधी, ८ ऑगस्ट २०२३ च्या गो १.२१ मध्ये, ती ओळच कडक केली गेली. आता ती सूचना राहिली नाही, अट झाली: आपल्यापेक्षा नवा आकडा दिसला तर साधनाने कंपाइल करायला नकार द्यायचा, किंवा हवी ती आवृत्ती स्वतः उतरवून घ्यायची. लूपचा बदल प्रत्यक्षात आला त्यानंतर सहा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ मध्ये. गोमध्ये एका वेळी शेवटच्या दोनच आवृत्त्यांची देखभाल होते. १.२२ आली त्या दिवशी १.२० निवृत्त झाली, आणि देखभालीखालच्या दोन्ही आवृत्त्या ती अट पाळणाऱ्या उरल्या. १.२१ मध्येच दोन्ही गोष्टी एकदम उरकल्या असत्या तर कामही सहा महिने आधी झालं असतं आणि घोटाळाही.

‘नियम कडक करायचा की जुनं जपायचं’ या वादात सगळ्यांचं लक्ष नियमावर असतं. या प्रकरणात ज्या गोष्टीवर कडकपणा खर्च झाला ती लूप नव्हतीच. लूपचा नियम उलट सैल आणि सोपा झाला. कडक झाली ती कोडवरची तारीख.

त्याच १.२१ आवृत्तीत दुसराही एक बदल झाला तो ताडून पाहण्यासारखा आहे. पॅनिकला (गडबड झाली की काम तोडून टाकणाऱ्या आज्ञेला) निल, म्हणजे रिकामी किंमत, दिलं तर १.२१ पासून खरी त्रुटी मिळते, पूर्वी हातात निल पडायचं आणि पॅनिक झालं की नाही हेच कळायचं नाही. याचा जुना-नवा अर्थही गो ओळीवर ठरतो, पण फक्त मुख्य मॉड्यूलच्या. रनटाइमचं, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना त्याला सांभाळणाऱ्या भागाचं, वागणं सगळ्या प्रोसेसला मिळून एकच असतं, दर मॉड्यूलला वेगळं देता येत नाही. लूपचा अर्थ कंपायलर ठरवतो, म्हणून तो मॉड्यूलगणिक देता आला. प्रत्येक जुना नियम या युक्तीने बदलता येईल असं समजू नये.

जिथे मतं फुटली

चर्चेत खरी खडाजंगी झाली ती तीन भागांच्या फॉर लूपवरून, म्हणजे आय शून्यापासून सुरू, अमुकपर्यंत, दर फेरीला एक वाढवा. सी शार्पने या प्रकाराला हात लावला नव्हता. गोने तोही बदलला. विरोध समजण्यासारखा आहे: रेंज लूपमध्ये (यादीतल्या एकेका वस्तूवरून फिरणाऱ्या) ‘दर फेरीला नवी वस्तू’ हे मनाला पटतं, पण इथे तर आपणच ते आय वाढवत नेतो, नवं आय आणि जुनं आय यांचा संबंध काय? उत्तर असं की फेरी संपताना जुन्याची प्रत नव्यात पडते आणि मग वाढ होते. जावास्क्रिप्टमध्ये लेट लिहून केलेलं व्हेरिएबल असंच वागतं. तरी हे स्पष्टीकरण थोडं ओढूनताणूनच वाटतं, आणि ते दोनदा वाचावं लागलं हे मी कबूल करतो.

मला बदलाच्या बाजूचं कारण पटलं ते वेगळ्याच दिशेने. १.२२ मध्येच पूर्णांकावर थेट रेंज करता येऊ लागलं. दहा वेळा फिरायचं तर तीन भाग लिहायची गरज नाही. एक प्रकार नव्या अर्थाचा आणि दुसरा जुन्याच अर्थाचा ठेवला असता, तर कोणीतरी केवळ नीटनेटकेपणासाठी एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना अर्थ बदलून बसला असता, आणि पुढचा माणूस ‘रेंजमध्ये चालतं, इथे का नाही’ म्हणून डोकं धरून बसला असता.

वेगाची भीती फारशी खरी ठरली नाही. व्हेरिएबल पकडलं जात नसेल तर कंपायलर पूर्वीसारखाच कोड काढतो. पकडलं जात असेल तर हीपवर दर फेरीला जागा लागू शकते, आणि ती बहुधा योग्य उत्तरासाठी मोजावी लागणारीच किंमत असते.

जे मला अजून खटकतं

वचन मोडलं का? काटेकोरपणे नाही. आपल्या गो.मॉडला हात न लावणाऱ्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. बदल स्वीकारणं ही लेखकाची स्वतःची कृती आहे, असा दावा आहे.

या दाव्यात एक फट आहे. १.२१ पासून, तुम्ही एखादी नवी लायब्ररी आणली आणि तिची ओळ तुमच्यापेक्षा नवी असली, तर ‘गो गेट’ ही लायब्ररी आणणारी आज्ञा तुमचीही ओळ वर उचलते. म्हणजे आणायला गेलो लायब्ररी आणि बदलला माझ्या लूपांचा अर्थ. साधन संदेश देतं, पण तो किती जण वाचतात? लेखकाची संमती इथे बसस्टँडवरच्या ‘सामानाची जबाबदारी मालकाची’ या पाटीइतकीच उरते. एक लाखात दोन या हिशेबाने धोका कमी आहे हे मान्य. पण संमती आणि कमी धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या जागी दुसरी खपवू नये.

दुसरी गोष्ट वाचणाऱ्याची. पूर्वी लूपचा अर्थ लूप पाहून कळे. आता गो.मॉड उघडावी लागते. तेही पुरत नाही, कारण एखाद्या फाइलच्या डोक्यावरची बिल्ड ओळ त्या फाइलपुरती आवृत्ती बदलू शकते. ती सोय पायरीपायरीने बदल करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांसाठी चांगली आहे. पण नवा कोड जुन्या मॉड्यूलमध्ये चिकटवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

आणि त्या जुन्या ‘घर := घर’ ओळी. नव्या नियमाखाली त्या निरुपयोगी आहेत पण निरुपद्रवीही. त्या शोधून काढा म्हणणारे लिंटर (कोडचे तपासनीस) आता आले आहेत, आणि साफसफाई करायला हात शिवशिवतात. अशी साफसफाई परीक्षणाला आली की मी बदललेल्या फाइलींआधी गो.मॉड उघडतो. एकदा अशाच एका लायब्ररीत कोणीतरी तीसेक ओळी काढून टाकल्या होत्या, टेस्ट्स हिरव्या होत्या, आणि गो.मॉडमध्ये आकडा होता १.२०.